ड्रेसिंग चोख, तरी जखम वाढतेय: घरच्या शुश्रूषेतलं एक प्रकरण

रुग्ण ७१ वर्षांचे गृहस्थ. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका येऊन उजवा हात-पाय लुळा पडलेला, बोलणं गेलेलं, पण समोरच्याचं बरंचसं कळतं. जुना मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. गिळता येत नाही म्हणून नाकातून राइल्स ट्यूब, लघवीला कॅथेटर. वजन ५८ किलो. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा माकडहाडावर ५ बाय ४ सेंटिमीटरची तिसऱ्या श्रेणीची दाबजखम (एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम) होती. म्हणजे कातडी पूर्ण जाडीने गेलेली, खालची चरबी दिसते, स्नायू किंवा हाड उघडं नाही. घरी पत्नी, वय ६६. मुलगा नोकरीमुळे दिवसभर बाहेर. रात्री आठ ते सकाळी आठ केअरटेकर मावशी. आणि रोज सकाळी तासभर ड्रेसिंगला येणारी सिस्टर.

चौथा आठवडा संपताना जखम ६.५ बाय ५ झाली होती आणि तिच्या वरच्या कडेखाली २ सेंटिमीटर आत जाणारा खिसा तयार झाला होता. सर्जननी पाहिलं आणि सांगितलं, पंधरा दिवसांत फरक दिसला नाही तर भरती करून जखम साफ करावी लागेल. घरी जाणाऱ्या सिस्टरांच्या कामावर देखरेख करणं ही माझी जबाबदारी, त्यामुळे प्रकरण माझ्याकडे आलं.

अशा वेळी पहिला संशय ड्रेसिंगवर जातो, म्हणून आधी त्या तासाला हजर राहून पाहिलं. काम खरोखर चोख होतं. सिस्टरने बॅग अंथरुणावर न टेकवता खुर्चीवर स्वच्छ कागद पसरून त्यावर ठेवली, अल्कोहोल रब वीस-तीस सेकंद पूर्ण चोळला, जुनं ड्रेसिंग काढल्यावर हातमोजे टाकून पुन्हा हात स्वच्छ केले आणि मगच नवं साहित्य उघडलं. एकच गोष्ट खटकली. डिस्चार्ज कार्डावर लिहिल्याप्रमाणे ती रोज आयोडीनमध्ये भिजवलेला गॉझ जखमेत भरत होती. संसर्ग असेल तर त्याला अर्थ आहे. पण ताप नाही, दुर्गंधी नाही, आजूबाजूला लाली पसरत नाही, अशा जखमेत आठवड्यामागून आठवडे आयोडीन भरलं की जंतूंबरोबर नव्याने येऊ पाहणाऱ्या पेशींनाही त्रास होतो. शिवाय वाळलेला गॉझ रोज ओढून काढताना कोवळा थर त्याच्याबरोबर निघतो. हे बदलायला हवंच होतं. मात्र एवढ्यावरून जखम दीड सेंटिमीटर वाढत नाही आणि तिला खिसाही पडत नाही.

नोंदवही

मग फाइल उघडली. चार आठवड्यांच्या नोंदी, आळीपाळीने आलेल्या तीन सिस्टरांच्या हस्ताक्षरांत, आणि मजकूर जवळजवळ एकच: "ड्रेसिंग केले. जखम स्वच्छ. रुग्ण स्थिर." लांबी-रुंदी पहिल्या दिवशी लिहिलेली, त्यानंतर थेट सर्जननी मोजली तेव्हाच. मधल्या काळात जखम रोज थोडी थोडी वाढत होती आणि रोज 'स्वच्छ' होती. दोन्ही गोष्टी खऱ्याच असतील. स्वच्छ जखम वाढू शकते.

दाबजखमेचा धोका सांगणारा ब्रेडन स्कोअर पहिल्या दिवशी १४ होता. हे मोजमाप १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी मांडलं. संवेदना, ओलावा, उठणं-चालणं, अंथरुणातली स्वतःची हालचाल, पोषण आणि घर्षण-घसरण या सहा बाबींना गुण द्यायचे. एकूण ६ ते २३, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. १८ किंवा त्याखाली आले की धोका धरायचा, १० ते १२ म्हणजे मोठा धोका. मी नव्याने गुण लावले तेव्हा बेरीज १० आली.

फरक कुठे पडला ते पाहण्यासारखं आहे. कॅथेटर आहे म्हणून ओलाव्याचा धोका कमी धरलेला, पण पातळ शौच दिवसातून तीन-चारदा होत होतं आणि डायपर दर वेळी लगेच बदलला जात नव्हता. नळीतून अन्न जातंय म्हणून पोषणाला ३ गुण दिलेले. नळीवरच्या रुग्णाला ३ द्यायचे ते त्या फीडमधून गरज भागत असेल तर, आणि फीडमध्ये नेमकं काय जातंय हे कुणी मोजलेलंच नव्हतं. घर्षण-घसरणीला २ दिले होते, तिथे सरळ १ हवा होता. तो १ का, हे मात्र फाइलमधून कळण्यासारखं नव्हतं. त्यासाठी दुपारी तिथे बसावं लागलं.

दुपार

सिस्टर सकाळी येते तेव्हा काका डाव्या कुशीवर असतात. काकू आधीच त्यांना वळवून, चादर सरळ करून ठेवतात. त्यामुळे तीनही सिस्टरांनी काकांना कायम डाव्या कुशीवरच पाहिलेलं. उरलेल्या तेवीस तासांत काय होतं, हा प्रश्न कुणाच्याच यादीत नव्हता.

मी सकाळी ड्रेसिंगला आले ती निघालेच नाही. दहाच्या फीडची वेळ झाली. काकूंनी हँडल फिरवून बेडचा डोक्याकडचा भाग चांगला उंच केला, पाठीशी आणखी दोन उशा लावल्या, नळीवरची नाकाजवळची खूण पाहिली, सिरिंज लावून फीड सावकाश सोडलं, शेवटी पाण्याने नळी धुतली. सगळं नीट. पुढे त्या बेड खाली करतील म्हणून मी वाट पाहत होते. अर्धा तास झाला, तास झाला. शेवटी विचारलं, "काकू, काकांना आडवं कधी करता?"

"छे! हॉस्पिटलमध्ये बजावून सांगितलंय ना, फीडनंतर लगेच झोपवायचं नाही, छातीत जाईल म्हणून. आता बाराला पुढचं आहेच. सारखं खाली-वर कशाला करायचं?"

त्यांचं काय चुकलं? सांगणाऱ्याने 'लगेच नाही' म्हटलं, किती वेळ ते सांगितलं नाही. डिस्चार्ज कार्डावर दर दोन तासांनी २०० मिली फीड, सकाळी सहा ते रात्री आठ, अशी आठ वेळा लिहिलेली. दोन फीडच्या मधलं अंतर दोन तास आणि प्रत्येक फीडनंतर 'लगेच नाही', म्हणजे सकाळच्या ड्रेसिंगचा तास सोडला तर माणूस पहाटे सहापासून रात्री नऊपर्यंत टेकून बसलेला. दिवसाला जवळपास चौदा तास सगळं वजन माकडहाडावर.

आणि नुसतं वजनच नाही. दहाच्या फीडला मी काकांच्या खांद्याच्या रेषेत बेडच्या कठड्याला चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला होता. चाळीस मिनिटांनी खांदा पट्टीच्या चार बोटं खाली आलेला, बारा वाजेपर्यंत वीतभर. पाठ उंच आणि पाय सपाट असले की शरीर खाली सरकतं. हाडं सरकतात, पण कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते. मधल्या थरांना पीळ बसतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या ताणून बंद होतात. वरून कातडी ठीक दिसते आणि आत पोखरत जातं. कडेखाली खिसा असलेली जखम दिसली की घसरणीचा संशय घ्यायचा तो यासाठीच. बाराच्या फीडआधी काकूंनी डोक्याशी उभं राहून काकांच्या दोन्ही काखांत हात घातले आणि त्यांना वर ओढलं. एका दिवसात असं सात-आठ वेळा. जखमेवर सिस्टरने सकाळी लावलेलं ड्रेसिंग दुपारपर्यंत एका बाजूला गोळा झालेलं होतं.

इथे दोन नियम एकमेकांच्या आड येतात, हे या प्रकरणाचं खरं दुखणं. नळीतून फीड देताना आणि नंतर काही वेळ डोकं ३० ते ४५ अंश वर हवं, नाहीतर अन्न घशातून फुफ्फुसात जाण्याची भीती. माकडहाडाची जखम वाचवायची तर डोकं ३० अंशांच्या वर नको. दोन्ही बरोबर. हॉस्पिटलमध्ये हा तिढा दर पाळीला कुणी ना कुणी सोडवत असतं. घरी तो एकट्या काकूंवर सोडलेला, तोही असा काही तिढा आहे हे न सांगता.

त्याच दिवशी सापडलेलं बाकीचं

एअर मॅट्रेस होती, चालूही होती. पण दाबाचं बटण सर्वांत कडक बाजूला फिरवलेलं, कारण 'मऊ ठेवली की ते आत रुततात'. तिच्यावर मॅकिंटॉश म्हणजे रबरी कापड, त्यावर ड्रॉ शीट म्हणजे कमरेखालची आडवी चादर, त्यावर घडी घातलेला टॉवेल, त्यावर डायपर. एवढे थर घातले की हवेच्या गादीचा उपयोग जवळजवळ संपतो. माकडहाडाखाली मधोमध भोक असलेली रबरी रिंगही होती. ती पाहिली की मला अजूनही चीड येते. भोकाच्या कडेने गोल दाब पडतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं, तरी ती विकली जाते आणि जखमेच्या रुग्णाला हमखास आणून दिली जाते. ती त्याच क्षणी काढली. काकू रोज संध्याकाळी कमरेवरच्या लाल भागाला तेल लावून चोळत असत, तेही थांबवलं. लाली बोटाने तीन सेकंद दाबून पाहायची. बोट उचलल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. लालच राहिली तर ती पहिल्या श्रेणीची दाबजखम, आणि चोळल्याने आतली इजा वाढते.

काका कायम डाव्या कुशीवर किंवा पाठीवरच का, हे काकूंनीच सांगितलं, विचारल्यावर. "उजव्या कुशीवर वळवलं की हे डोळे घट्ट मिटून घेतात, सिस्टर. बोलता येत नाही, पण दुखत असणार. मग मी नाही वळवत." झटक्यानंतर लुळ्या बाजूचा खांदा सैल होतो. तो अंगाखाली दाबला गेला की कळ येते. हे काकूंना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. फाइलमध्ये 'दर दोन तासांनी कूस बदलावी' एवढंच होतं, आणि ती बदलली का यापुढे 'होय' लिहिलेलं.

रात्रीच्या तक्त्यावर दहा, बारा, दोन, चार, सहा या सगळ्या वेळांपुढे एकाच पेनाने, एका झटक्यात ओढल्यासारख्या खुणा होत्या. मुलगा चिडला होता, बाई बदला म्हणाला. मी त्याला थांबवलं. अठ्ठावन्न किलोच्या माणसाला एकटीने रात्रीतून पाच वेळा वळवणं, तेही कसं वळवायचं हे कधी न दाखवता, ही अपेक्षा कागदावरच पुरी होणार. तक्ता खोटा भरला गेला, कारण तो खरा भरता येण्यासारखा नव्हताच.

काय बदललं

सुरुवात फीडपासून केली, कारण बाकी सगळं त्याच्याभोवती बांधलेलं होतं. फॅमिली डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्याशी बोलून आठ फीडच्या जागी सहा ठरली, दर तीन तासांनी २५० मिली, सकाळी सहा ते रात्री नऊ. आहारतज्ज्ञांनी आधीच्या फीडचा हिशोब मांडला तर जेमतेम ११०० कॅलरी आणि ३८ ग्रॅम प्रथिनं जात होती. दाबजखम असलेल्या आणि पोषण कमी पडणाऱ्या रुग्णाला दर किलोमागे ३० ते ३५ कॅलरी आणि १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं धरतात. म्हणजे काकांना १७४० ते २०३० कॅलरी आणि ७२ ते ८७ ग्रॅम प्रथिनं. जखमेला भरून यायला माती-विटाच पोचत नव्हत्या. क्रिएटिनिन तपासून, मूत्रपिंडं ठीक आहेत हे पाहून मगच प्रथिनं वाढवली, आणि तीही आठवडाभरात टप्प्याटप्प्याने, जुलाब वाढू नयेत म्हणून. फीडच्या वेळा बदलल्या की इन्सुलिनच्याही बदलतात. ते डॉक्टरांनी नव्याने लिहून दिलं, आणि पहिले काही दिवस साखर जास्त वेळा तपासली.

बेड वर करण्याचा क्रम ठरला. आधी गुडघ्याकडचा भाग उचलायचा, मग डोक्याकडचा, म्हणजे शरीर खाली घसरायला जागा राहत नाही. उंची ३० ते ४० अंश. फीड वीस मिनिटं ते अर्धा तास, त्यानंतर पाऊण तास ३० अंशांवर, मग आडवं करून कुशीवर. सहा फीडचे मिळून साडेसात तास, आधीच्या निम्म्याच्या आसपास. '३० अंश' म्हणजे घरातल्या माणसाने काय समजायचं? बेडचा पाठीचा भाग ७० सेंटिमीटर लांब होता. त्याचं वरचं टोक ३५ सेंटिमीटर उचललं गेलं की ३० अंश होतात, लांबीच्या बरोबर निम्मं. तेवढ्या उंचीवर भिंतीला रंगीत पट्टी लावली. काकू आता पट्टीपर्यंत हँडल फिरवतात आणि थांबतात.

काखेत हात घालून ओढणं बंद झालं. एकट्या काकूंनी दिवसभर काय करायचं, हा प्रश्न फिजिओथेरपिस्टने सोडवला. काकांचा डावा पाय आणि डावा हात ठणठणीत होते, आणि चार आठवडे त्यांचा कुणी उपयोग केला नव्हता. खाली निसरड्या कापडाची शीट टाकायची, बेड सपाट करायचा, काकांनी डावा गुडघा मोडून पाऊल रोवायचं आणि कंबर उचलायची. त्याच क्षणी काकूंनी शीट वर ओढायची. उजवीकडे वळताना काका डाव्या हाताने समोरचा कठडा धरून स्वतःला ओढतात. लुळा खांदा आधी पुढे काढून घ्यायचा, त्या हाताखाली उशी द्यायची, आणि पूर्ण कुशीवर न नेता पाठीमागे लोड लावून फक्त ३० अंश कलतं ठेवायचं. तसं केल्यावर वजन ना माकडहाडावर येतं, ना खुब्याच्या टोकावर, ना त्या खांद्यावर. पहिल्यांदा असं उजवीकडे कलतं ठेवलं तेव्हा काकू आपल्या यजमानांच्या डोळ्यांकडेच बघत होत्या. त्यांनी मिटले नाहीत. पोटऱ्यांखाली उशी, टाचा हवेत.

गादीचा दाब वजनाप्रमाणे लावला. तळहात वर करून गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली सरकवून पाहायचा. हात आणि शरीर यांच्या मध्ये निदान अडीच सेंटिमीटर हवेची जाडी लागायला हवी. गादीवर आता एकच चादर आणि एक शोषक पॅड.

रात्रीच्या बाबतीत मी घरच्यांना आणि डॉक्टरांना एक सरळ प्रस्ताव दिला. दर दोन तासांचा हट्ट सोडायचा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टर्न' अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या २७ शुश्रूषागृहांतल्या ९४२ रहिवाशांची दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली. चांगल्या फोमच्या गाद्यांवर तिन्ही गटांत जखमा होण्यात फरक दिसला नाही. त्या लोकांना सुरुवातीला जखम नव्हती, काकांना होती. म्हणून चार तासांपर्यंत न जाता तीन तास धरले, आणि रात्री पाठीवर झोपवणं पूर्ण बंद केलं. दहाला डावीकडे, एकला उजवीकडे, चारला डावीकडे. मावशींना त्या वेळा युरोबॅग (लघवीची पिशवी) पाहण्याशी आणि डायपर तपासण्याशी जोडून दिल्या. पाचांपैकी तीन वेळा आणि त्या खऱ्या, हे मला पाच खोट्या खुणांपेक्षा परवडतं.

ड्रेसिंगही बदललं. सर्जनच्या संमतीने आयोडीन थांबलं. सलाइनने धुणं, खिशात सैलसर भरण, वर फोम ड्रेसिंग, दोन-तीन दिवसांनी बदल, मधे शौच लागून खराब झालं तर लगेच. यामुळे रोजची फेरी लागेना. घरच्यांना आधी हे पटलं नाही. सिस्टर कमी वेळा येणार म्हणजे काळजी कमी, असं त्यांना वाटलं. पण आठवड्याच्या चार फेऱ्या आता वेगवेगळ्या वेळी असतात: दोन सकाळी, एक दुपारी फीडच्या वेळी, एक रात्री आठला मावशी येतात तेव्हा. सगळ्यांत उपयोगी ठरली ती रात्री आठची. दिवसाकडून रात्रीकडे जे काही निसटत होतं ते त्या अर्ध्या तासात दिसतं.

घरी जाऊन शुश्रूषा करण्याची संघटित पद्धत १८५९ साली लिव्हरपूलमध्ये सुरू झाली. विल्यम रॅथबोन यांनी मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला गरिबांच्या घरी पाठवलं, आणि घरच्यांना शिकवणं हा तिच्या कामाचा भाग पहिल्यापासून होता. आपण ते आज 'वेळ उरला तर' या खात्यात टाकलंय. या प्रकरणानंतर आमच्या फेरीच्या नोंदीत शिकवण्यासाठी वेगळा रकाना आला, आणि त्यात 'समजावून सांगितले' असं लिहायला मनाई आहे. काय करून दाखवलं गेलं ते लिहायचं. "समजलं का?" असं विचारलं की कुणीही मान डोलावतं. त्याऐवजी सिस्टर म्हणते, "काकू, मावशी आल्या की त्यांना उजवी कूस कशी समजावाल ते मला करून दाखवा." पहिल्या वेळी काकूंनी सगळं बरोबर केलं आणि लुळा हात मात्र अंगाखालीच ठेवला. नुसतं विचारून हे कळलं नसतं.

डॉक्टरांना फोन कसा करायचा यावरही काम केलं. आधीचा एक संदेश फाइलमध्ये होता: "जखम बरी दिसत नाही, काय करायचं?" उत्तर: "उद्या बघू." आता चार गोष्टी त्याच क्रमाने सांगतात: आत्ता काय झालंय, मागची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. ही 'एसबार' पद्धत मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतली, तिथून रुग्णालयांत आली. सहाव्या आठवड्यात तिची परीक्षा झाली. सिस्टरने संध्याकाळी कळवलं: "काकांना १०१ ताप, दुपारपासून सुस्त, नेहमीसारखा डावा पाय रोवत नाहीत. कॅथेटर पाच आठवड्यांचा, लघवी गढूळ. जखमेभोवती लाली किंवा वास नाही. मला लघवीचा संसर्ग वाटतो. आज रात्रीच पाहून जाल का?" डॉक्टर त्याच रात्री आले. कॅथेटर बदलून नव्या कॅथेटरमधून नमुना घेतला, प्रतिजैविक सुरू झालं, भरती टळली. 'डावा पाय रोवत नाहीत' हे निरीक्षण काकूंचं होतं. कॅथेटर काढूनच टाकावा का, हाही विचार झाला. एरवी काढावाच. पण माकडहाडावर उघडी जखम आणि लघवीवर ताबा नाही, अशा वेळी तो काही काळ ठेवणं मान्य आहे, म्हणून ठेवला.

आकडे

जखम दर आठवड्याला त्याच कुशीवर ठेवून, डोक्याकडून पायाकडे लांबी आणि आडवी रुंदी अशी मोजली, आणि 'पुश' गुण लावले. यात क्षेत्रफळ, स्राव आणि ऊतींचा प्रकार मिळून ० ते १७ गुण असतात, कमी म्हणजे चांगलं. बदल सुरू केला तेव्हा १६ होते: मोठं क्षेत्रफळ १०, भरपूर स्राव ३, पिवळी स्लफ (मेलेल्या ऊतींचा थर) ३. दोन आठवड्यांनी ६ बाय ४.६, आणि गुण १५. मुलगा म्हणाला, "एवढं करून एकच गुण?" त्याचं म्हणणं रास्त होतं. पण पुश खिसा मोजत नाही, आणि खिसा २ वरून १.२ सेंटिमीटरवर आला होता. पोखरणं थांबल्याची ती पहिली खूण. सर्जननी भरतीची गोष्ट पुढे ढकलली.

तापाच्या आठवड्यात जखम जागच्या जागी राहिली. सातव्या आठवड्यात डाव्या टाचेवर दाबूनही पांढरी न पडणारी लाली दिसली, कारण उशी पोटरीऐवजी घोट्याखाली जात होती. ती मावशींनीच पाहिली आणि सकाळी सांगितली, चार दिवसांत गेली. दहाव्या आठवड्यात जखम २.८ बाय २, खिसा बुजलेला, तळाला लालबुंद दाणेदार ऊती, स्राव थोडा. पुश १०. फाइलमध्ये ती अजूनही 'भरत आलेली तिसऱ्या श्रेणीची जखम' अशीच लिहिली जाते. उथळ झाली म्हणून दुसऱ्या श्रेणीची म्हणायचं नसतं, कारण आत भरतो तो व्रणाचा पेशीसमूह, मूळचे थर परत येत नाहीत. तिथली कातडी पुढेही कमकुवतच राहणार.

सगळंच सुटलं असं नाही. मावशी महिनाअखेरीस गावी गेल्या, त्यांच्या जागी आलेल्या दुसऱ्या बाईंना सगळं पहिल्यापासून शिकवावं लागलं, आणि त्या दोन रात्री काका पाठीवरच होते. काकूंची कंबर धरलेली आहे. त्या सांगत नाहीत, पण शीट ओढताना एक हात आपोआप मागे जातो. दिवसा काही तास दुसरं कुणी ठेवावं असं आम्ही दोनदा सुचवलं, दोनदा नकार आला. हा विषय आता सिस्टर नव्हे, डॉक्टर मुलाशी बोलणार आहेत, कारण काकू आमच्यासमोर 'मला काही होत नाही' यापलीकडे जात नाहीत.

आता गिळण्याची चाचणी ठरली आहे. ती जमली तर राइल्स ट्यूब निघेल, आणि तोंडाने खायचं म्हणजे ताठ बसावं लागेल, शक्यतो खुर्चीत. बसल्यावर वजन पुन्हा त्याच बाजूला येतं. म्हणून चाचणीआधीच खुर्चीची मापं घेतली आहेत: पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी उंची, दाब विभागणारी उशी, आणि सुरुवातीला दिवसातून तीन वेळा, दर वेळी तासाच्या आत. ब्रेडन स्कोअर त्या दिवशी नव्याने लावायचा, अशी नोंद फाइलच्या पहिल्या पानावर केली आहे.